गरीब नको, म्हातारो म्हण

भिकाजी सुकाणी रोज सकाळी साडेनऊच्या तरीने खाडीपलीकडे जायचे, धक्क्यावर उतरायचे, चपला आपटून वाळू झाडायचे आणि त्याच तरीने परत यायचे. पलीकडे त्यांचं कोणी नव्हतं. बाजार करायचा नसायचा, डॉक्टरकडे जायचं नसायचं. एकदा मी विचारलं, "आबा, तुमी रोज कित्याक जातास?" तर माझी कीव केल्यासारखं बघून म्हणाले, "साठीच्या वरच्यांका तर फुकट आसा मां? मगे? हक्क वापरलो नाय तर गंजता. खाऱ्या वाऱ्यात रवतंव आपण."

आमच्या गावाच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी. बाजार, दवाखाना, मोटारीचा थांबा, सगळं पलीकडे. ही होडी, म्हणजे आमची तर, चुकली की माणूस घरीच. ती चालवायचा मक्ता ग्रामपंचायत द्यायची आणि देताना एक जुनी अट घालायची, की साठीच्या वरच्या माणसाकडून पैसे घ्यायचे नाहीत. आता साठ वर्षं झाली हे ठरवायचं कसं? जन्माचा दाखला गावात कोणाकडेच नव्हता. तरीवाला नारायण तोंडाकडे बघायचा आणि "बसा आज्यानू" म्हणायचा. झालं ते ठरलं. एकदा पन्नाशीतला एक गृहस्थ त्या 'आज्यानू'ने एवढा दुखावला, की जाताना पैसे देऊन गेला आणि येतानाही देऊन गेला.

भिकाजींची हयात आगबोटीवर गेली होती. बोटीचं सुकाणू धरणारा तो सुकाणी. रिटायर होऊन गावी आले तेव्हा बायको नव्हती आणि मुलगा सदा मुंबईला गोदीत लागलेला होता. उंच, काळे, कानांवर पांढऱ्या केसांची झुडपं. तरीत ते कधी बसले नाहीत. मागे नारायणाच्या शेजारी उभे राहायचे आणि त्याला हुकूम द्यायचे. "डावीक घे. वायच डावीक. मेल्या, ती होडी आसा, म्हस न्हय." नारायण वीस वर्षं तीच खाडी ओलांडत होता. पण तो कधी उलट बोलायचा नाही. हुकूम यायच्या आधीच डावीकडे घ्यायचा आणि हुकूम आल्यावर "व्हय आबा" म्हणायचा.

नाव भिकाजी, पण भीक हा शब्द त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती. कोणी लग्नाचं आमंत्रण देताना "गरिबाच्या घरी या" म्हटलं तरी ते उखडायचे. "गरीब कित्याक म्हणतंस रे स्वताक? घर आसा तुझां. घराक ये म्हण!" दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मात्र स्वारी खुशीत असायची. तरीत चढताचढताच सांगायची, "सदाची मनीआर्डर इली हां. पेन्शनीक मी हात लावणंय नाय. झील धाडता." आणि त्या दिवशी परतल्यावर नारायणाला चहा पाजायची.

मी तेव्हा ग्रामपंचायतीत कारकून होतो. वय तेवीस. नवे पैसे येऊन चारपाच वर्षं झाली होती. गावात पंच नवे आले, सरपंच नवा आला, आणि एका बैठकीत विषय निघाला की म्हाताऱ्यांना सरसकट फुकट कशाला? मक्तेदार कुरकुरत होता. खोतांचे बापूसाहेब, ज्यांचे माड मोजताना आमची मान दुखायची, तेही फुकट जातात आणि दुसऱ्यांच्या अंगणात भांडी घासणारी बाईही फुकट जाते, हा कुठला न्याय? सवलत गरिबाला द्या. ज्याची ऐपत आहे त्याने सहा पैसे टाकावेत.

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. इतकं पटलं, की अर्जाचा नमुना मीच तयार केला. जमीन किती, माड किती, होडी-जाळं आहे का, मुलगे किती, ते काय कमावतात, घरी मनीऑर्डर येते का, आणि खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. वर ठळक अक्षरात 'गरिबीच्या दाखल्यासाठी अर्ज'. मला माझ्या अक्षराचा अभिमान होता. तो कागद मी कचेरीच्या भिंतीवर डकवला.

दुसऱ्या दिवशी भिकाजी आले. कचेरीत ते शुद्ध मराठी बोलत आणि मला 'कारकूनसाहेब' म्हणत. पण ती शुद्ध मराठी रागाच्या पहिल्या लाटेलाच वाहून जायची.

"कारकूनसाहेब, मला असे विचारायचे आहे, की हा जो कागद आपण भिंतीवर चिकटवला आहे, तो कोणाच्या डोक्यातून आला?"

"पंचांनी ठराव केलाय, आबा."

"ठीक आहे. म्हणजे आता मी गरीब आहे असे मी सिद्ध करावे?"

"तुम्हाला नाही लागणार तो. तुम्हाला पेन्शन आहे, सदा पाठवतो. तुम्ही पैसे भरायचे."

"मी सहा पैशांसाठी हयसर इलंय?" झालं, लाट आली. "वसंता, मेल्या, माका गरीब म्हणूक नको. श्रीमंत म्हणूक नको. माका म्हातारो म्हण! तां खरां आसा. तां सगळ्यांका दिसता. आंधळ्याक पण दिसता. त्येका साक्षीदार कित्याक होये?"

मी म्हटलं, "पण आबा, खोतांना फुकट कशाला?"

"खोत म्हातारो नाय? खोताचे गुडघे तुझ्या सरपंचान बघितले हत? जावंदे फुकट! एक खोत फुकट गेलो तर होडी बुडाची नाय. पण धा म्हाताऱ्यांका तुमी धक्क्यार उभे करून इचारतलास, तू गरीब काय रे, तू गरीब काय गो... थू!"

ते रोज येऊ लागले. तरीतून उतरले की सरळ कचेरीत. कधी नुसतेच भिंतीवरच्या कागदाकडे बघत उभे राहायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "वाच, वाच. चांगल्या अक्षरात लिवलाहा." मला ते अक्षर नकोसं झालं.

पुढे जे झालं ते बघून मात्र माझीही मान खाली गेली. पहिला दाखला कोणी नेला? खोतांच्या बापूसाहेबांनी. जमीन मुलांच्या नावावर, माड सुनेच्या नावावर. कागदावर बापूसाहेबांसारखा दरिद्री माणूस तालुक्यात नव्हता. साक्षीदार मिळायला त्यांना काय अडचण? आणि मक्तेदाराने मोजणी सोपी पडावी म्हणून नवी टूम काढली. पैसेवाले पुढे बसायचे, दाखलेवाले मागे. धक्क्यावर त्याचा माणूस ओरडायचा, "दाखलेवाले कोण? हात वर करा!" ज्यांना खरी गरज होती ते अर्जही करीनात आणि हातही वर करीनात. काहींनी लुगड्याच्या गाठीतले पैसे काढले. काहींनी पलीकडे जाणंच सोडलं.

येसूआजी त्यांतली. विधवा, एकटी, दुसऱ्यांच्या घरी भात कांडून पोट भरणारी. तिची थोरली बहीण पलीकडे अंथरुणाला खिळलेली होती. येसूआजी दर सोमवारी जायची, तिला न्हाऊ घालायची, केसांना तेल लावून वेणी घालायची आणि परत यायची. तीन सोमवार ती तरीवर दिसली नाही. हे कोणाच्या ध्यानात येणार? रोज तरीत उभ्या असलेल्या माणसाच्याच.

भिकाजी कचेरीत आले. ओरडले नाहीत. म्हणाले, "तुझो तो अर्ज घे आणि चल."

येसूआजी अंगणात सूप घेऊन बसली होती. सोमवारी का गेली नाही विचारलं तर म्हणाली, "पाय दुखतत रे." भिकाजी म्हणाले, "येसू, ह्यो वसंतो अर्ज लिवतलो. तू नुसतां सांग. मी साक्षीदार."

मी पायरीवर बसून लिहू लागलो. जमीन नाही. माड दोन, त्यातला एक वठलेला. होडी-जाळं नाही. सगळं सुरळीत चाललं होतं. मग मी विचारलं, "मुलगे किती?"

"एक."

"काय करतो?"

"मुंबैक गिरणीत आसा."

"मनीऑर्डर येते?"

सुपातला हात थांबला. मग ती मान वर न करता म्हणाली, "येता तर. म्हयन्याच्या म्हयन्याक येता. खूप जीव आसा त्येचो माझ्यार."

टपालाची पिशवी आमच्याच कचेरीत उघडली जायची. तिच्या नावाने कधी मनीऑर्डर आली नव्हती. दोन वर्षांत साधं कार्डही नव्हतं. मी लेखणी धरून तसाच बसलो. 'येते' लिहिलं तर दाखला मिळणार नाही. 'येत नाही' लिहायचं तर ते तिच्या तोंडून यायला हवं होतं, आणि तिने ते बोलायचं म्हणजे दोन साक्षीदारांसमोर पोटच्या पोराला नालायक ठरवायचं होतं.

भिकाजींनी माझ्या हातातला कागद घेतला, चार घड्या केल्या आणि खिशात टाकला. "ऱ्हवांदे," म्हणाले. "पाय दुखतत तर इसावो घे."

वाटेत ते एकदम थांबले. एवढा संतापलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि आवाज मात्र अगदी खाली. "बघितलंस? तुमी गरिबी इचारूक नाय. आवशीक लिवन देवक सांगतास, माझो झील माका बघणा नाय म्हणान. सहा पैशांसाठी! खंयची आवस लिवन देतली रे? आणि जी देयत, तिच्याकडे तिच्या मरणाक तरी झील येयत?"

महिनाअखेर ग्रामसभा होती. देवळाच्या मंडपात शेदीडशे माणसं. येसूआजी बायकांत मागे बसली होती. भिकाजी उठले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "दाखल्याची अट काढून टाकावी. वय झाले की तर फुकट, एवढेच ठेवावे."

सरपंच हसला. माणूस वाईट नव्हता, पण सभेत हशा मिळाला की तो सोडायचा नाही. "आबा, तुम्हाला काय कमी? पेन्शन आहे. वर सदा दर महिन्याला पाठवतो. अख्ख्या तरीला तुम्हीच सांगता. मग सहा पैसे जड झाले?"

लोक हसले. भिकाजी उभेच होते. त्यांनी एकदा बायकांच्या बाजूला पाहिलं, आणि मग ते मालवणीत बोलू लागले.

"सदा माका पैशे धाडणा नाय. सात वर्षां झाली. पैशे नाय, पत्र नाय. खंय रवता ताय माका ठावक नाय. जी मनीआर्डर येता ती माझ्या पेन्शनीची. मी लोकांका खोटां सांगी होतंय."

मला ते ठाऊक होतं. दर महिन्याला आगबोटीच्या कंपनीची ती मनीऑर्डर मीच पिशवीतून काढत होतो, आणि तरी तोंडाने 'सदा पाठवतो' म्हणत होतो. पण ते त्यांच्या तोंडून ऐकताना मला मांडीवरची वही दिसेनाशी झाली.

"ह्यां माझ्या तोंडातसून काढूक तुमका सात वर्षां लागली," भिकाजी म्हणाले. "आता हयसर बसलेल्या एकेका म्हातारीक उभी करा आणि तिच्या तोंडातसून काढा. काढतास? काढा. मी बसतंय."

आणि ते बसले.

मग नारायण तरीवाला उठला. त्याला सभेत बोलायची सवय नव्हती. तो एवढंच म्हणाला, "मक्तेदारान होयो तर माझो पगार कमी करूचो. माझ्या तरीत मी कोणाक हात वर करूक सांगुचंय नाय." मागून एक म्हातारा "बरोबर!" म्हणाला, मग दुसरा, आणि मग सगळा मंडप. सरपंचाने टोपी काढून पुन्हा घातली. त्याची आई बायकांत बसली होती आणि त्याच्याकडे टक लावून बघत होती. दाखल्याची अट त्याच सभेत रद्द झाली. भिंतीवरचा कागद मी त्याच संध्याकाळी काढला. गोंद चांगला लावला होता. नखाने खरवडावा लागला.

पुढच्या सोमवारी येसूआजी तेलाची बाटली पदराखाली धरून तरीत चढली. तिची बहीण त्यानंतर वर्षभर जगली.

पण सभेच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट सांगायची राहिली. मी कचेरीत सभेचा वृत्तांत वहीत उतरवीत होतो. भिकाजी दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तर येईनात.

"वसंता, काल जां बोलणां झालां, तां सगळां त्या वहयेत लिवतंस?"

"मुख्य मुख्य लिहितो, आबा."

"ही वही कोण वाचता?"

"कोणी वाचत नाही. पण ठेवावी लागते. पन्नास वर्षं राहील."

ते उंबऱ्यावर बोट फिरवीत राहिले. मग म्हणाले, "माझां नाव लिव. मी खोटां बोललंय, ताय लिव. पण सदाचां नाव घालू नको. तो कधीतरी येतलो. लोकांनी त्येका हयसर वाचून दाखवूक नको."

मी मान हलवली. ते गेल्यावर अर्धं लिहिलेलं पान फाडलं आणि नव्या पानावर लिहिलं, 'श्री. भिकाजी यांनी वृद्धांच्या अडचणी सभेपुढे मांडल्या. त्यावर चर्चा होऊन अट सर्वानुमते रद्द करण्यात आली.' त्यांनी लिहायला सांगितलेल्या खोट्याच्या जागी एक ओळ मी कोरी सोडली.