एकोणीस माणसांचा फोटो

फोटोग्राफर घरात आला तेव्हा त्याच्या हातात अल्बम नव्हता, आणि चेहरा असा झाला होता की आईने काही न विचारता आधी त्याला पाणी दिलं. त्याने पाणी पिऊन पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला, रिकामा आहे हे पाहून परत ठेवला आणि म्हणाला, "काका, फोटो गेला."

"गेला म्हणजे? कुठे गेला?" बाबांनी विचारलं.

"पुसला गेला. माझ्याच हातून. दुसऱ्या कामासाठी कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं केलं, आणि नंतर लक्षात आलं की ते तुमचंच कार्ड होतं."

 बाबा घड्याळजी होते. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केल्यावर आता त्यांनी दुकान बंद करून टेबल घरातल्या खिडकीपाशी आणलं होतं. त्या महिन्यात त्यांना पंचाहत्तर पूर्ण झाली होती, आणि त्यांनी एकच गोष्ट मागितली होती: आपली सगळी भावंडं, त्यांची मुलंबाळं, एका फोटोत. एकूण एकोणीस माणसं.

ही एकोणीस माणसं जमवायला चार महिने लागले होते. कारण दोन आत्या. थोरली आणि धाकटी एकमेकींशी सहा वर्षं बोलत नव्हत्या. भांडण त्यांच्या आईच्या शिलाई मशीनवरून झालं होतं. म्हणजे मशीन दोघींना हवं होतं असं नाही. थोरली म्हणाली, "तूच घे." धाकटी म्हणाली, "छे, तूच घे." थोरली म्हणाली, "मी एवढ्या प्रेमाने देतेय तर घेत नाहीस?" धाकटी म्हणाली, "आणि मी काय रागाने देतेय?" तिथून जे पेटलं ते विझलं नाही. मशीन बाबांच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे काकांच्या, घरी चादरीखाली पडून होतं. फोटोच्या दिवशी दोघी आल्या खऱ्या, पण रांगेच्या दोन टोकांना उभ्या राहिल्या. मध्ये सतरा माणसं.

आणि तो फोटो पुसला गेला होता.

"थांबा," आतल्या खोलीतून आवाज आला. "कोणी काही कबूल करू नका."

ही बाबांची मुलगी. तिला वकिलीची सनद मिळून तीन महिने झाले होते आणि घरात सगळे तिला वकीलबाई म्हणत. अजून तिला एकही खटला मिळाला नव्हता. फोटोग्राफरची पावती चार बोटांची होती, म्हणून तिने स्वतः बसून दीड पानाचा करार लिहिला होता. त्यात तिसरं कलम असं होतं: 'फोटोत एकोणीस व्यक्ती असतील, सर्वांचे चेहरे स्पष्ट दिसतील व सर्वांचे डोळे उघडे असतील.' त्या वेळी घरातले सगळे पोट धरून हसले होते. आता ती तोच कागद घेऊन बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण ते नीट बसत नव्हतं. मागून आनंद डोकावत होता.

"हा करारभंग आहे," ती म्हणाली.

"हो ताई," फोटोग्राफर म्हणाला. "आहेच."

त्याने इतकं पटकन मान्य केलं की वकीलबाईचा जरा हिरमोड झाला. तिने बाबांकडे मोर्चा वळवला. "बाबा, तुमच्यापुढे चार मार्ग आहेत. पहिला, करार रद्द करायचा आणि आगाऊ दिलेले पैसे परत घ्यायचे."

"आणि फोटो?"

"फोटो नाही. दुसरा, नुकसानभरपाई. सगळ्यांचं येण्याजाण्याचं भाडं, जेवणाचा खर्च, हे मागता येईल."

"आणि माझी कंबर?" आई म्हणाली. "एकोणीस जणांचा स्वयंपाक केलाय मी."

"कंबर आणि मनस्ताप सहसा धरत नाहीत, आई. तिसरा, मनाई हुकूम. आपलं काम होईपर्यंत याने दुसऱ्या कोणाचे फोटो काढायचे नाहीत."

फोटोग्राफरच्या तोंडचं पाणी पळालं.

"आणि चौथा," वकीलबाई म्हणाली, "करारपूर्ती. जे ठरलं होतं तेच काम त्याच्याकडून पुन्हा करून घ्यायचं. तसं जिथे माणसाच्या हाताचं कसब लागतं तिथे कोर्ट जबरदस्ती करत नाही. पण त्याने स्वतः मान्य केलं तर—"

"मान्य आहे," फोटोग्राफर म्हणाला. "आत्ता काढतो."

"आत्ता कोणाचा काढतोस? आम्ही तिघंच आहोत," आई म्हणाली.

बाबांनी चौथा मार्ग निवडला. वकीलबाईने नवा कागद लिहिला. 'तिसऱ्या कलमाप्रमाणे फोटो होईपर्यंत छायाचित्रकार दर रविवारी सकाळी अकरा वाजता कोणताही जादा मोबदला न घेता हजर राहील.' फोटोग्राफरने सही केली. त्याला वाटलं, एका रविवारचा तर प्रश्न आहे.

पहिल्या रविवारी सतराच जण आले. थोरली आत्या आली नाही, कारण धाकटी येणार होती. आणि धाकटी आली नाही, कारण थोरली येणार होती.

दुसऱ्या रविवारी बाबांनी दोघींना वेगवेगळा फोन करून सांगितलं, "प्रकरण कायद्याचं आहे, गैरहजर राहू नकोस." दोघी घाबरून अर्धा तास आधीच आल्या आणि खोलीच्या दोन भिंतींना टेकून बसल्या. पण काकांनी मधल्या काळात मिशी काढली होती. "चालेल की," फोटोग्राफर म्हणाला. थोरलीने ठणकावून सांगितलं, "चालणार नाही. हा माझा भाऊ दिसतच नाही." करारातल्या 'चेहरे स्पष्ट दिसतील' या शब्दांत मिशी येते का, यावर वकीलबाईने अर्धा तास विचार केला. तोवर पुतण्याची तान्ही मुलगी झोपून गेली, आणि मग उघड्या डोळ्यांचा प्रश्नच उरला नाही.

तिसऱ्या रविवारी फोटोग्राफरने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि डोकं वर केलं. "कडेच्या दोन्ही आत्या बाहेर जातायत. जरा आत या."

दोघी एकेक माणूस आत सरकल्या. फोटो झाला. बाबांचे डोळे मिटलेले.

"अरेरे," बाबा म्हणाले. "पापणी लवली बघ."

चौथ्या रविवारी ऊन आलं म्हणून सगळे खिडकीपासून बाजूला झाले. जागा आणखी कमी पडली. आत्या आणखी आत आल्या. आता त्यांच्यामध्ये पाच माणसं होती. फोटो चांगला आला, पण बाबांना नेमकी त्याच क्षणी शिंक आली. पाचव्या रविवारी मध्ये दोन माणसं. बाबांच्या डोळ्यात काहीतरी गेलं.

तोपर्यंत या रविवारांना एक आकार आला होता. आईने पहिल्या दोन वेळा भांडी आपटली, तिसऱ्या वेळी जाहीर केलं, "यापुढे ज्याने त्याने डबा आणायचा," आणि चौथ्या वेळी इतके डबे आले की उरलेलं बांधून द्यावं लागलं. काका पत्ते आणू लागले. फोटोग्राफर एकटाच राहायचा. त्याला जेवल्याशिवाय कोणी सोडेना. बाबांनी त्याचं बंद पडलेलं घड्याळ उघडून साफ करून दिलं. पण रविवार म्हणजे त्याच्या धंद्याचा दिवस. दोन लग्नं त्याच्या हातून गेली होती.

सहाव्या रविवारी दोन्ही आत्यांच्या मध्ये कोणीच उरलं नाही. दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या आणि विरुद्ध दिशांना बघत होत्या.  फोटोग्राफर म्हणाला, "तयार?" आणि तेवढ्यात धाकटी आत्या म्हणाली, "सरक जरा."

सहा वर्षांतला पहिला शब्द होता तो.

"कुठे सरकू? भिंतीत जाऊ?" थोरली म्हणाली.

"अंगाने भरलीयस."

"आणि तू काय वाळलीयस?"

दोघी जेवण होईपर्यंत भांडल्या आणि जेवताना एका ताटातून दुसऱ्या ताटात वाढत भांडल्या. फोटोत त्या दिवशी पुन्हा बाबांचे डोळे मिटलेले होते.

मंगळवारी फोटोग्राफर वकीलबाईला भेटायला आला. कचेरीत ती एका मोठ्या वकिलांच्या दारामागच्या टेबलापाशी बसायची.

"ताई, एक विचारू? करार ज्याने मोडला, त्याच्यासाठी पण काही उपाय असतो का?"

"आधी सगळे फोटो दाखव," ती म्हणाली.

तिने निघालेले चारही रविवारचे फोटो टेबलावर मांडले. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. कोणाचा पदर सरकलेला, कोणाचे केस विस्कटलेले, पण डोळे सगळ्यांचे उघडे. फक्त बाबांचे मिटलेले. तेही लवलेल्या पापणीसारखे नाहीत. गच्च. लहान मुलं झोपेचं सोंग घेतात तसे.

वकीलबाईने बराच वेळ पेन हातात फिरवलं. मग तिने खरं ते सांगितलं. "ज्याने स्वतःच समोरच्याला काम पुरं करू दिलं नाही, त्याला करारभंगाची तक्रार करता येत नाही. तू मोकळा आहेस. उलट तुझं जे नुकसान झालं ते तू मागू शकतोस."

"कोणाकडून?"

"माझ्या बाबांकडून."

फोटोग्राफरने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि मग तिच्याकडे. "तुम्ही कोणाच्या वकील आहात, ताई?"

"तेच मला कळेनासं झालंय," ती म्हणाली.

संध्याकाळी घरी आल्यावर ती खिडकीपाशी गेली. बाबा एका मनगटी घड्याळाचं पोट उघडून बसले होते.

"बाबा, तुम्ही डोळे मुद्दाम मिटता."

"वय झालं, बाळ. पापण्या ऐकत नाहीत."

"बाबा."

त्यांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. "फोटो झाला की काय होईल? सगळे म्हणतील छान झाला, आणि जातील. मग परत कधी? कोणीतरी गेल्यावर. तेव्हा एक माणूस कमी असणार. बहुतेक मीच."

वकीलबाईला यावर एकही कलम आठवलं नाही. ती त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसली. म्हणाली, "पण त्याचे रविवार जातायत, बाबा. रविवारच्या कामावरच त्याचं पोट आहे."

बाबांनी मान खाली घातली. "ते मात्र चुकलंच माझं. या रविवारी शेवटचा. शब्द देतो, डोळे उघडे ठेवीन. आणि त्याच्या बुडालेल्या दिवसांचं जे काय असेल ते देईन."

घरात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. आईने दाराआडून ऐकलं होतं. रविवारी सगळे आले, पण पत्ते बाहेर निघाले नाहीत. डबे मुकाट्याने ओट्यावर गेले. दोन्ही आत्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या आणि कोणीही कोणाला सरक म्हणालं नाही. बाबा मधल्या खुर्चीवर ताठ बसले. वकीलबाई मागच्या रांगेत उभी राहिली. 

"तयार?" फोटोग्राफरने विचारलं.  "एक, दोन..."

बाबांनी डोळे इतके ताणून उघडले की त्यांतून पाणी आलं. खटका वाजला.

"झाला," बाबा हळूच म्हणाले. "झाला ना?"

फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने चित्र मोठं केलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत नेलं आणि कॅमेरा वकीलबाईच्या हातात दिला.

मध्यभागी बाबा होते, डोळे घुबडासारखे वटारलेले. त्यांच्या शेजारी आई, डोळे गच्च मिटलेले. काका, मिटलेले. पुतण्या, मिटलेले. थोरली आणि धाकटी, दोघींचे मिटलेले, आणि दोघींचे हात एकमेकींच्या हातात. तान्ही मुलगी झोपली होती, तिला संशयाचा फायदा देता आला असता. बाकी सतरा जणांना नाही. कोणी कोणाशी काही ठरवलं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं होतं, आपण एकट्याने मिटले तर पुरेल.

"काय झालं? माझे उघडे नाहीत का?" बाबांनी काळजीने विचारलं.

 सगळे जमिनीकडे बघत होते. शेवटी थोरली आत्या म्हणाली, "तुझे आहेत रे दादा. तुझा काही दोष नाही यात."

"मग आता?"

"आता काय, पुन्हा यावं लागणार," धाकटी म्हणाली. "प्रकरण कायद्याचं आहे."

फोटोग्राफर घसा खाकरून म्हणाला, "रविवार मला जमणार नाही. गुरुवारी संध्याकाळी चालेल का? तेव्हा मी रिकामाच असतो."

सगळ्यांनी एकदम वकीलबाईकडे पाहिलं. हा कोणाचा करारभंग आणि त्यावर उपाय काय, ते तिनेच सांगायचं होतं. तिने घाईघाईने कॅमेरा बंद केला, कारण मागच्या रांगेत डावीकडून दुसरी तीच उभी होती, आणि डोळे मिटून चक्क हसत होती.