तात्यांची मोजणी

बुधाजी तात्या आयुष्यात कधी पळाले नाहीत, पण उल्हास नदीच्या काठाने पळायची प्रत्येक वाट स्वतःच्या मालकीची समजायचे. मोहन्यापासून थेट कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यापर्यंतचा काठ त्यांनी दोरीने मोजून काढलेला. दोरी नायलॉनची, दर मीटरला गाठ. एकदा कुणीतरी लोखंडी टेप आणून दिली. तात्यांनी ती दोरीला लावून बघितली तर दोन बोटांचा फरक निघाला. "टेप चुकली," म्हणाले आणि परत केली.

नदीकाठी एका भावी नगरसेवकाने स्वतःच्या फोटोसकट पाटी लावलेली, 'जॉगिंग मार्ग, १ कि.मी.' दुसऱ्या दिवशी खाली चुन्याने लिहिलेलं, 'बावीस पावलं कमी.' त्या भावी नगरसेवकाची माणसं जाब विचारायला आली. तात्यांनी दोरीचं एक टोक त्यांच्यातल्याच एकाच्या हातात दिलं आणि भर उन्हात सगळ्यांना ती वाट चालायला लावली. माणसं घाम पुसत परत गेली. चुना काही कुणी पुसला नाही.

तात्या इथले मूळचे आगरी. वडिलांची भातशेती होती. जमिनीची सरकारी मोजणी झाली आणि बांध आत सरकला, असं ते सांगायचे. नक्की काय झालेलं ते देव जाणे, पण वडील त्याच वर्षी गेले. तेव्हापासून तात्यांचं एकच पालुपद, "सरकारची मोजनी खोटी. आपली आपुन मोजावी." तीस वर्षं कंपनीच्या गेटवर पहारा केला. एका पायाने लंगडत, तरी आठ-आठ तास उभं राहून. मग कंपनी बंद पडली, बायको वारली, मुलगा सुनेला घेऊन वर्तकनगरला गेला. तात्यांकडे दोरी राहिली.

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं काठाने पळायची, त्यांना तात्यांनी न विचारता ताब्यात घेतलं. काठ म्हणजे तरी काय, एका बाजूला जलपर्णीने झाकलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला राडारोडा, मधे हात तुटलेले गणपती आणि फुगलेलं एखादं कुत्रं. त्यातून तात्यांनी वाटा काढल्या आणि त्यांना नावंही दिली. पंपाची फेरी, किल्ल्याची फेरी, मसनाची फेरी. मसनाच्या फेरीला नियम होता. चिता जळत असली तर तिथून चालत जायचं, आणि तेवढा वेळ तात्या घड्याळ थांबवायचे. "त्याचा पलायचा झाला. त्याला आपला दाखवू नये." साथीच्या त्या दिवसांत पोरं त्या वाटेने नुसती चालतच असायची.

मोबाईलला बंदी होती. सगळ्यांचे मोबाईल एका गोणीत जमा. कुणी म्हणालं की तात्या, ॲप अंतर दाखवतं, तर म्हणायचे, "तो वरतून बगतंय. जमीन खालती हाय." हळू पळणाऱ्याला ते हेल्या, म्हणजे रेडा, म्हणायचे. आमच्या आधीच्या भरतीत लागलेला विकास तर दोन वर्षं त्यांचा हेल्याच होता.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा माझी वयोमर्यादा संपायला एकच भरती उरलेली. मी आमच्या खानदानातला पहिला ग्रॅज्युएट. हे मी आल्यागेल्याला सांगतो आणि मला त्याची लाज नाही. वडील कंत्राटी कामगार होते, आई अजून अंगठा उठवते. पदवीच्या कागदाला फ्रेम करून आईने तो टीव्हीच्या वर लावलेला. पण कागद भिंतीवर, आणि मी कुरिअरच्या गाडीवर. वर्दी मिळाली असती तर त्या कागदाचं काहीतरी झालं असतं. लेखीची मला भीती नव्हती. अडायचं ते सोळाशे मीटरवर. पूर्ण गुण हवे तर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत यायला लागतं. मला पाच-पन्नास लागायचे.

सकाळी कामावर जायचं असल्याने मी संध्याकाळी एकटाच पळायचो. तात्या फक्त माझ्यासाठी थांबायचे. आठशे मीटर जायचं, चुना फासलेल्या दगडाला वळसा घालायचा, आठशे मीटर परत. पहिला महिना रोज तेच, पाच-पन्नास, पाच-अठ्ठेचाळीस. मी घरी जाऊन तसाच झोपायचो. आई ताट झाकून ठेवायची. तात्यांना म्हणालेलो, बहुतेक सोडून देतो. ते हेल्यासुद्धा म्हणाले नाहीत.

मग एका आठवड्यात माझी वेळ एकदम सुधारली. पाच-अठरा. मी घड्याळ हातात घेऊन दोनदा बघितलं. तात्या म्हणाले, "आला ना दम? काय रं ग्रॅज्वेट." त्या रात्री मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. पुढचे दोन महिने मी वेड्यासारखा पळालो. पाच-पंधरा, पाच-बारा, शेवटी पाच-आठ. आईला सांगून टाकलं, वर्दीच्या मापाला शिंपी शोध.

भरतीची तारीख अपेक्षेपेक्षा लवकर आली. ठाण्याच्या मैदानावर मी जीव तोडून पळालो. पाच-चोवीस. दोन गुण गेले.

पाय तेच, छाती तीच, मग सोळा सेकंद गेले कुठे? दुसऱ्या दिवशी कामाला दांडी मारून मी पहिल्यांदाच सकाळी नदीवर गेलो. पोरं पळत होती. मी रोज जिथे वळायचो तिथे उभा राहिलो. एकही पोरगा तिथे वळेना. सगळे पुढे जात होते, दगड पुढे होता. मी चालत गेलो, पावलं मोजली. चाळीस भरली.

तात्या घड्याळ घेऊन उभे होते. मी पोरांसमोरच त्यांना विचारलं, माझा दगड कुणी हलवला. त्यांनी आधी घड्याळ बंद केलं, पोरांना पंपाच्या फेरीला पाठवलं.

"मीच," ते म्हणाले. "रोज सांजचा आनायचो, तू गेलास का परत ठेवायचो."

मी म्हणालो, अहो, पाटीवरची बावीस पावलं तुम्हाला दिसतात आणि माझ्या आयुष्यातली चाळीस नाही दिसली? आणखीही बरंच बोललो. त्यातलं इथे लिहिण्यासारखं नाही.

"तू सोरून चाललेलास. बोललो, एकदा चांगली वेल आली पायजे पोराची, तोंडावर हसू आला पायजे. शंभर पावलं आत घेतला दगड. मंग रोज एक पाऊल मागं सारत होतो. तुला कलला पन नाय, तू पलत गेलास. साठ झाली. चालीस ऱ्हायली, आन भरतीचा कागद आला तुजा."

मी विचारलं, कागद आला तेव्हा तरी का नाही सांगितलं? मी निघून आलो.

त्यानंतर तीन दिवस तात्या नदीवर आले नाहीत, असं पोरांकडून कळलं. मला बरं वाटलं. वाटलं, लाज असेल तर घरात बसतील. पुढे यादी लागली. माझं नाव एका गुणाने गेलं. आईने शिंप्याचा विषय परत काढला नाही. आता मी बाळकुमला एका मोठ्या सोसायटीच्या ऑफिसात मॅनेजर आहे. फ्रेम अजून टीव्हीच्या वर आहे. तात्यांशी तीन वर्षं एक शब्द बोललो नाही.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर विकास भेटला, वर्दीत. म्हणाला, तू तात्यांना अजून भेटत नाहीस म्हणे. मी म्हणालो, विषय काढू नकोस. तरी त्याने काढला.

नदीवर आले नाहीत त्या तीन दिवसांत तात्या ठाण्याला होते. भरतीच्या मैदानाच्या गेटवर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कुणाकडून तरी लिहून घेतलेला अर्ज. अर्जात लिहिलेलं, सरकारची मोजणी बरोबर आहे, माझी खोटी होती, पोराचा दोष नाही, त्याला एकदा परत पळवावं. पहिल्या दिवशी सांगितलं, असं होत नाही. दुसऱ्या दिवशी परत आले, तो लंगडा पाय घेऊन उन्हात उभे राहिले. तिसऱ्या दिवशी त्या गेटवर विकासची ड्युटी होती. मागे साहेब उभे. साहेब म्हणाले, त्या म्हाताऱ्याला बाजूला घे.

"मग?" मी विचारलं.

"घेतलं. दंडाला धरून." विकासने चहाचा ग्लास खाली ठेवला. "मी नवीन होतो रे. वाटलं, आता हे सगळ्यांसमोर हेल्या म्हणणार, साहेबाला ओळख कळणार. तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं कधी पाहिलंच नाही मला. मलाच हात जोडले आणि म्हणाले, 'चुकलो, सायेब. जातंव.'"