बर्नडकाका आणि अल खोरची वाट

कतारमध्ये कानटोपी घालून हिंडणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझ्याच मजल्यावर राहायचा. जुलैच्या दुपारी, गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसावा अशा वेळी, बर्नडकाका कंपनीच्या बसमधून उतरायचे ते स्वेटर आणि तपकिरी कानटोपी घालून. लिफ्टमधले लोक एक पाऊल मागे सरायचे. यांना काहीतरी मोठा आजार असणार, असा त्यांचा समज. काका टोपी कानांवरून वर सरकवत एवढंच म्हणायचे, "ऑफिसात थंडी आहे."

आणि थंडी करणं हाच तर त्यांचा धंदा होता. बर्नड तुस्कानो, मूळचे वसईचे, साठीला टेकलेले, एसीचे इंजिनीअर. वर्ल्ड कपच्या एका स्टेडियमला थंड हवा पुरवायचं काम त्यांच्या कंपनीकडे होतं.

"उघड्या मैदानाला एसी लावतोय मी, सुहास," ते मला सांगायचे. "वर आभाळ आणि खाली एसी. माझी आई असती तर म्हणाली असती, फ्रीजचं दार उघडं टाकून कुठे गेलास रे?"

माणसाला चोवीस पुरे, हे त्यांचं ठाम मत. चोवीस अंश. कुणाच्याही घरी गेले की चप्पल काढायच्या आधी त्यांची नजर भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर जायची. दोह्याच्या अल सद्द भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये ते "चहा नको" म्हणत आत यायचे, बोलता बोलता भिंतीपाशी जायचे आणि बटण दाबून परत येऊन बसायचे. थोड्या वेळाने आतून माझी मुलगी ओरडायची, "बाबा, ही डिड इट अगेन." माझी बायको मंजिरी हसू दाबत चहा टाकायची. न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या हॉलमध्ये, एकदा तर बँकेत, जिथे हात पोचेल तिथे काकांनी चोवीस करून ठेवलं होतं. बँकेतल्या गार्डने हटकलं तेव्हा ते त्याला हिंदीत समजावत बसले की अठरावर ठेवल्याने गुडघे धरतात. गार्डचेही गुडघे दुखतच होते. पुढे दोघांची दोस्ती झाली.

तो काळ फार थकवणारा होता. वर्ल्ड कप यायचा होता आणि सगळं शहर उकरून ठेवलं होतं. मी रस्ते वळवण्याचे नकाशे काढायच्या कामावर होतो. सकाळी मीच वळवलेल्या रस्त्यावर संध्याकाळी मीच अडकायचो. ऑफिसात कुणी कुणाला "कसा आहेस" विचारायचं नाही, "कुठवर आलं" विचारायचं. घरी आलो की मी बूट न काढता सोफ्यावर बसून राहायचो. डॉक्टरांनी रक्तदाब बघून चालायला, पोहायला, काहीही करायला सांगितलं होतं. मी त्यातलं काहीही केलं नव्हतं.

या सगळ्यात एकट्या बर्नडकाकांना घाई नव्हती. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "सावकाश. वर्ल्ड कप काय पळून चाललाय?" सिग्नलला, लिफ्टच्या रांगेत, माझा बॉस फोनवर ओरडत असताना शेजारी बसून, ते हेच म्हणायचे. ड्रायव्हिंगच्या परीक्षेतही तेच झालं. इन्स्पेक्टर "यल्ला, यल्ला", चल लवकर, म्हणत राहिला आणि हे सायकलवाल्याच्या मागून सायकलच्या वेगाने गाडी नेत राहिले. नापास झाले ते झालेच. पुन्हा परीक्षेला बसले नाहीत.

त्यांची बायको, फिलोमिनाकाकू, अल खोरच्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स होत्या. अल खोर म्हणजे दोह्याहून गाडीने पाऊण-एक तास. पण काकांना गाडी नाही, काकूंना पहाटेची ड्यूटी, त्यामुळे त्या तिकडच्या क्वार्टर्समध्ये आणि हे इकडे. शुक्रवारी कुणाच्या तरी गाडीत जागा मिळवून काका तिकडे जायचे आणि शनिवारी परत यायचे. एका देशात राहून दोन संसार, असं मंजिरी म्हणायची.

जानेवारीतल्या एका गुरुवारी संध्याकाळी त्यांनी दार वाजवलं. थर्मोस्टॅटकडे बघितलंसुद्धा नाही, तेव्हाच खरं तर मला कळायला हवं होतं.

"उद्या अल खोरला जायचं," ते म्हणाले. "सायकलने. तू पण चल."

दोह्याहून अल खोरपर्यंत सायकलींचा नवा मार्ग झाला होता. हायवेच्या कडेने, पण गाड्यांपासून वेगळा. मध्ये मध्ये पूल, बोगदे, बसायला बाक, बाकांवर छप्पर. आमच्या ऑफिसातले काही उत्साही लोक सकाळी जाऊन दुपारच्या आत परत यायचे. काकांनी मायदेशी परतणाऱ्या एका फिलिपिनो नर्सकडून सायकल घेतली होती. पुढे टोपली असलेली, लेडीज. मी मुलीच्या शाळेतल्या एका पालकाची मागून आणली. मंजिरी म्हणाली, "जा. निदान सोफ्यावरून तरी उठशील."

उजाडता उजाडता निघालो. काकांनी कानटोपीवर हेल्मेट चढवलं होतं. टोपलीत पाण्याच्या बाटल्या, पंप आणि बहिणीने वसईहून पाठवलेल्या सुकेळ्यांचा डबा.

समोरून वारा होता. उत्तरेचा, कोरडा, वाळू घेऊन येणारा. पायडल मारलं की सायकल जेमतेम पुढे सरकायची. लुसैल या नव्या शहराचे टॉवर उजव्या हाताला दिसू लागले ते दिसतच राहिले. कितीही पायडल मारा, ते आपल्या जागचे हलेनात. माझ्या मांड्या भरून आल्या. मागून घट्ट कपडे घातलेले गोरे सायकलवाले ओरडत यायचे आणि वाऱ्यासारखे निघून जायचे. काका प्रत्येकाला बाजूला होऊन हात करायचे.

आणि ते प्रत्येक बाकापाशी थांबायचे. एकही सोडला नाही. सायकल स्टँडवर लावायची, हेल्मेट काढायचं, डबा उघडायचा, एक सुकेळं मला, एक स्वतःला, आणि आसपास कुणी असेल तर त्याला. झाडांना पाणी घालणाऱ्या एका नेपाळी माणसाने सुकेळं उलटसुलट करून पाहिलं आणि हे काय आहे ते विचारलं. काकांनी त्याला केळीची जात, वाळवायची पद्धत, वसईची हवा, सगळं सांगितलं. तो बिचारा पाइप हातात धरून ऐकत राहिला. पाणी एकाच झाडाला मिळालं.

लुसैलच्या पुढे काकांचं चाक पंक्चर झालं. दुरुस्त करायला मला थोडाच वेळ लागला असता, पण ते म्हणाले, "सावकाश कर." त्यानंतर एका बोगद्यात, गार सिमेंटला पाठ टेकून, ते चक्क झोपले. मी शेजारी बसून राहिलो. दुपार कलायला लागली होती. माझी कंबर दुखत होती, ओठ फुटले होते, डोळ्यांत वाळू होती आणि पुढे अजून निम्मी वाट होती. ते उठले तेव्हा माझा आवाज चढला.

"काका, आज पोचायचं आहे ना आपल्याला? काकू वाट बघत असतील."

"हो ना," ते म्हणाले. "पोचलो की बोलावं लागेल."

"काय बोलावं लागेल?"

त्यांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. टोपीशिवाय त्यांचं डोकं मी पहिल्यांदाच नीट पाहत होतो. लहान होतं, आणि केस पांढरेशुभ्र.

"स्टेडियमची टेस्टिंग झाली," ते म्हणाले. "सगळं व्यवस्थित चालतंय. मैदानात बसलं की पायाशी गार हवा येते. मी स्वतः बसून पाहिलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, तुस्कानो, फार छान काम झालं. आता खलास."

"म्हणजे?"

"म्हणजे फायनल एक्झिट. महिनाभरात देश सोडायचा."

बोगद्यावरून गाड्या जात होत्या. त्या दिवसांत अशी माणसं रोज परत जात होती. स्टेडियम उभी राहत होती आणि ती उभी करणारी घरी चालली होती. पण ते आपल्या मजल्यावर घडलं की वेगळं वाटतं.

"काकूंना माहीत नाही?"

"गेल्या दोन शुक्रवारी गेलो आणि न सांगता परत आलो." "मागच्या वर्षीच ती म्हणाली होती, चल बर्नड, आता पुरे, घरी जाऊ. मी म्हटलं, वर्ल्ड कप होऊ दे. मी थंड केलेल्या मैदानात आपण दोघं एक मॅच बघू, मग जाऊ. तिने माझं ऐकून कॉन्ट्रॅक्ट वाढवून घेतलं. आता हॉस्पिटल तिला सोडणार नाही. मी जाणार आणि ती इथे राहणार. माझ्या शब्दावर राहिली ती."

"म्हणून सायकल?"

"गाडीने फार लवकर पोचतो रे," ते म्हणाले. "आणि तू बरोबर असलास की मला बोलल्याशिवाय परत येता येणार नाही."

त्यानंतर आम्ही थांबलो कमी. वारा काही पडला नाही. शेवटच्या टप्प्यात वर्ल्ड कपचं, तंबूच्या आकाराचं एक पांढरं स्टेडियम उन्हात उभं दिसलं तेव्हा काकांनी तिकडे एकदा बघितलं आणि मान खाली घालून पायडल मारत राहिले.

सूर्य मावळताना क्वार्टर्सच्या फाटकापाशी पोचलो. फिलोमिनाकाकू बाहेरच उभ्या होत्या. ठेंगण्या, चष्मा, ओढणी डोक्यावर.

"सकाळी निघालात ना?" त्यांनी विचारलं. "चालत आला असतात तरी आतापर्यंत पोचला असतात. सुहास, तुझे ओठ बघ काय झालेत. याच्या नादी कशाला लागलास?"

आत त्यांनी मला व्हॅसलिन दिलं, काकांना गरम पाण्यात पाय सोडून बसायला लावलं आणि सुरमईचं कालवण गरम केलं. जेवताना काका वाऱ्याबद्दल बोलले. मग पंक्चरबद्दल. मग त्या नेपाळी माणसाबद्दल. मी ताट घेऊन उठायला लागलो.

"बस," काकू म्हणाल्या. "भात घे अजून."

मी बसलो. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे.

"फिलू, माझी नोकरी संपली," ते म्हणाले. "मला पुढच्या महिन्यात परत जायचंय. एकट्याला."

काकूंच्या हातात भाताचा डाव होता. तो त्यांनी पातेल्यात ठेवला. चष्मा काढून ओढणीने पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं त्या काकांना त्यांच्या शब्दाची आठवण करून देतील, किंवा रडतील. तसं काही झालं नाही.

"मग मला सकाळी उठवणार कोण?" त्या म्हणाल्या.

मला काही कळलं नाही. त्यांनीच मग माझ्याकडे वळून सांगितलं. त्यांना गजर ऐकू येत नाही. लग्न झाल्यापासून. कितीही घड्याळं लावा, झोप मोडत नाही; फोनची रिंग तेवढी ऐकू येते. अल खोरला बदली झाल्यापासून रोज पहाटे, ड्यूटी असो नसो, बर्नडकाका अल सद्दहून फोन करतात. स्वतःच्या ऑफिसच्या कितीतरी आधी उठून. एकही दिवस चुकला नाही. तापाने फणफणले होते तेव्हासुद्धा नाही.

इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलो आणि मला याचा पत्ता नव्हता.

"तिकडून करीन की," काका म्हणाले. "वसईला आधीच उजाडलेलं असतं. उलट मला सोपं पडेल."

काकूंनी डाव उचलला आणि त्यांच्या ताटात भात वाढला. नको म्हणत असतानाही वाढला.

आम्ही दुसऱ्या दिवशी एका पिकअपमध्ये सायकली टाकून परतलो. काका पुढच्या महिन्यात गेले. जाताना लेडीज सायकल मला देऊन गेले.

पुढे बऱ्याच दिवसांनी फिलोमिनाकाकू चर्चला दोह्यात आल्या होत्या, तेव्हा घरी डोकावल्या. मी विचारलं, काका फोन करतात का?

"रोज," त्या म्हणाल्या. "बागेत उभा राहून करतो. मागे कावळे ओरडत असतात. बोलत काही नाही. 'ऊठ' म्हणतो आणि थांबतो. मी तोंड धुते, चहा टाकते, तोवर फोन चालूच. चहा ओतल्याचा आवाज आला की मग ठेवतो."