मालगुजारांचा कोट

गोपाळरावांनी पणजोबांचा फोटो चार फूट उंच करून घेतला, तिथंच चूक झाली. पोस्टकार्डाएवढा होता तोवर १८९३ सालचे ते पणजोबा निर्धास्तपणे मालगुजार होते. झुपकेदार मिशा, बंद गळ्याचा कोट, घड्याळाची साखळी, हातात चांदीच्या मुठीची काठी. महाल भागातल्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला गोपाळराव सांगत, "तीन गावं होती आमची." कुणी गावांची नावं विचारली की ते चहा मागवत.

त्यांच्या मुलीचं, रितिकाचं, दुर्गेशशी तिनं स्वतःच जमवलेलं होतं. आता फक्त वडीलधाऱ्यांनी हो म्हणायचं बाकी होतं, आणि त्यासाठी दुर्गेशचे वडील डोमाजी त्याला घेऊन कळमेश्वरहून येणार होते.

"कोणत्या घराण्याशी सोयरीक करून राहिले, त्याईले समजू दे," म्हणत गोपाळरावांनी फोटो सोफ्यासमोर टांगला.

डोमाजी आले, बसले, पाण्याचा पेला उचलला आणि तसाच धरून राहिले. मग उठून थेट फोटोपाशी गेले.

"हे कोण?"

"आमचे पणजोबा. मालगुजार."

"आन् कोट?"

"कोटाचं काय? त्याईचाच."

डोमाजींनी खिशातून मोबाइल काढला. त्यात त्यांचे पणजोबा होते, तहसीलदार. तोच कोट, तीच साखळी, तीच काठी. तिसरं बटण दोन्हीकडे गायब आणि डाव्या कोपरावर तेच ठिगळ.

"म्हणजे तुमच्या मालगुजारानं आमच्या तहसीलदाराचा कोट नेला," डोमाजी म्हणाले.

"काय बोलून राहिले तुम्ही? तहसीलदाराले कोट नसन, तो मागाले आला असन आमच्याकडे."

तिथून विषय मिशांवर गेला. मालगुजारांच्या मिशा काजळानं भरल्या आहेत, मोठ्या फोटोत साफ दिसतं, असं डोमाजींचं म्हणणं. तहसीलदारांनी पोट आत ओढलंय, चेहऱ्यावरूनच कळतं, असं गोपाळरावांचं. रितिका आणि दुर्गेश एकमेकांकडे बघत उभे होते. डोमाजी चपला शोधू लागले.

"चाल गा दुर्गेश. इथं नाही जमत."

"बसा जी," गोपाळरावांच्या पत्नी पुष्पलताबाई म्हणाल्या. "आधी बाह्या पाहा." त्यांनी मोबाइल घेऊन भिंतीवरच्या फोटोला लावून धरला. मालगुजारांची बाही बोटांपर्यंत आली होती. तहसीलदारांची मनगटाच्या चार बोटं वर. "कोणाच्याच मापाचा नाही. कोट फोटोवाल्याचा होता. जो येईन त्याले चढवत असन."

त्यांनी मोबाइल डोमाजींना परत दिला.

"सासूबाई मले सांगत," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुमचे पणजोबा कापडाच्या दुकानात गाठी वाहत. तुम्ही इतकं रंगवून सांगता, मले सांगवेना."

डोमाजींनी खाली बघून घसा साफ केला. "आमचे तहसीलीत होते, हे खरं आहे. दाराबाहेर बसत."

गोपाळराव पुन्हा फोटोसमोर जाऊन उभे राहिले. एवढी वर्षं पाहूनही ते खांदे त्यांनी कधी नीट पाहिले नव्हते. गाठी वाहून उतरलेले खांदे त्या माणसानं सरळ केले होते, परक्या कोटात श्वास रोखून बसला होता, पुढच्यांनी आपल्याला असं बघावं म्हणून. गोपाळरावांना एकदम भरून आलं. मालगुजारांचा त्यांना अभिमान होता, पण या माणसावर त्यांचा जीव जडला.

"डोमाजी, बसा," ते म्हणाले. "आता तं घरं बरोबरीची झाली."

डोमाजी बसले. दुर्गेश मात्र सारखा घड्याळाकडे बघत होता.

"आता सगळेच खरं सांगून राहिले, तर सांगतो," तो म्हणाला. "हा ब्लेझर किरायाचा आहे. सहाच्या आत वापस कराचा आहे."

गोपाळरावांनी त्याच्या खांद्यावरून, बाहीवरून हात फिरवून पाहिला. कापड चांगलं होतं.

"लग्नात फोटो तं काढाच लागन," ते हळूच म्हणाले. "आमच्या मापाचा भेटन का गा त्या दुकानात?"

"दोन पाहाय," डोमाजी मिशीवर हात फिरवत म्हणाले. "पण येगयेगळे."