दीपगृहातली डॉक्टरबाई

चाहत्यांच्या कथांवर माझ्याइतक्या अधिकाराने बोलणारं अमेरिकेतल्या अख्ख्या आयोवा राज्यात कुणी नाही, असं मी परवापर्यंत बिनदिक्कत सांगत असे. आवडती मालिका बंद पडली की लोक तिचीच पात्रं घेऊन टोपणनावाने, फुकट, पुढच्या कथा लिहीत बसतात. ‘ही तर चोरी!’ म्हणणाऱ्या प्राध्यापकांशी मी पंधरा वर्षं भांडले. आता माझं पुस्तक तयार होतं. त्यावर माझी कायमची नोकरी ठरणार होती, आणि ते सगळं उभं होतं अशाच एका, दीपगृहावर घडणाऱ्या कथेवर. तिची लेखिका ‘खारा वारा’ त्रेचाळिसाव्या प्रकरणानंतर अकरा वर्षं गप्प होती. शुक्रवारपर्यंत तिची लेखी परवानगी आली नाही, तर पुस्तक गेलं आणि नोकरीही गेली.

मी वेबसाइटवर कथेखाली नम्र विनंती टाकली. सोमवारी दुपारी आलं ते उत्तर नव्हे, थेट चव्वेचाळिसावं प्रकरण. त्यात दीपगृहावर एक डॉक्टरबाई येते, औषधांची नव्हे, माझ्यासारखी पीएच.डी.ची. विचार करताना ती डाव्या पायातला बूट काढते. मी खाली पाहिलं. माझा डावा बूट टेबलाखाली आडवा पडला होता.

मंगळवारी पंचेचाळिसावं. डॉक्टरबाईला भिंतीतून बारीक टकटक ऐकू येते, आणि हीटर असेल अशी ती स्वतःची समजूत घालते. मीही नुकतीच तीच घातली होती. मग आठवलं, हीटर ऑक्टोबरपासून बंद आहे.

बुधवारच्या प्रकरणात डॉक्टरबाई वहीत लिहिते, ‘ही लेखिका एकाकी असावी, आयुष्यात काहीच न घडलेली.’ माझ्या हस्तलिखिताचं बहात्तरावं पान, शब्दन् शब्द! ते मी कुणालाही दाखवलं नव्हतं. खाली वाचकांच्या तीनशे बारा प्रतिक्रिया होत्या. बहुतेकांचं म्हणणं एकच, हिला समुद्रात टाका.

भिंतीतली टकटक अचानक थांबली. दार हळूच उघडलं आणि शेजारच्या खोलीत दिवसभर टाइप करत बसणाऱ्या आमच्या सेक्रेटरी, व्हर्ना हॉगन, आत आल्या. हातात परवानगीचा अर्ज.

“तुमची पानं छापून कोण देतं, डॉक्टरबाई?”

“खारा वारा... तुम्ही?”

“नऊ वर्षं भिंतीला भिंत लावून बसलोय. कधी विचारलंत? एकाकी म्हणे. तीन मुलं, सात नातवंडं आहेत मला.”

“मग कथा का थांबवलीत?”

“आमच्यात लिहिणाऱ्या प्रत्येकीची एक मैत्रीण असते, आधी वाचून चुका काढणारी. माझी जोआन अकरा वर्षांपूर्वी वारली.”

मला फार लाज वाटली. तीन प्रकरणं लिहिली होती मी त्या मौनावर.

“सही करते,” व्हर्ना म्हणाल्या, “पण इथून पुढे चुका तुम्ही काढायच्या.”

गुरुवारी सत्तेचाळिसावं प्रकरण माझ्या टेबलावर आलं. डॉक्टरबाई बुडते. मी निमूटपणे स्वल्पविराम दुरुस्त केले आणि समासात भीत भीत लिहिलं, ‘बुडण्याआधी तिच्या तोंडी एखादं शहाणपणाचं वाक्य घालता येईल का?’

खाली व्हर्नांचं उत्तर आलं, ‘नाही हो. तिच्या स्वभावात बसत नाही.’