दहा मोल टक्क्यांचं शरबत

रामटेके सर चहात दोन चमचे साखर घालतात आणि वर डॉक्टरशीच भांडतात, की चहात साखर आहे कुठे? "सारी मिळून अर्धा टक्का भरते जी! मोल टक्के काढून पाहा!"

साकोलीत आमच्या ज्युनिअर कॉलेजात सर रसायनशास्त्र शिकवतात, मी मराठी. घरंही भिंतीला भिंत लागून. त्यामुळे मोल अंश आणि मोल टक्के माझ्या पाचवीलाच पुजलेले. कोणी काही वजनानं मोजलं, की सरांचं डोकं फिरलंच. "वजन नाही मॅडम, नग मोजा! टोपलीत एक कोहळं अन् नऊ बोरं टाका. कोहळं किती? नगानं दहा टक्के. आता उचला बरं टोपली!" साखरेचा रेणू म्हणजे कोहळं, पाण्याचा म्हणजे बोर. एवढं मलासुद्धा पाठ झालंय, आणि मी दहावीला विज्ञानात काठावर पास!

घरात बाप-लेक दोघंच. प्रज्ञा लहान असतानाच तिची आई गेली. परवा प्रज्ञाला पाहायला पाहुणे आले. मुलगा तिनंच पसंत केलेला, पुण्याला नोकरीवर. फक्त त्याच्या आईवडिलांचा होकार बाकी होता. मी पोह्यांना फोडणी देत होते, तर सर म्हणाले, "शरबत मी करतो."

"सर, साखर बेतानं हं!"

"दहाच टक्के टाकतो जी."

कोणते टक्के, हे विचारायचं मेलं माझ्या ध्यानातच आलं नाही. सरांनी मोलचे दहा धरले. म्हणजे वजनानं पाण्याच्या दुपटीहून जास्त साखर! ग्लास पालथा केला असता, तरी ते शरबत विचार करून खाली उतरलं असतं. मुलाच्या वडिलांनी एक घोट घेतला आणि त्यांचे ओठच चिकटले. प्रज्ञानं कपाळाला हात लावला. मला वाटलं, गेलं स्थळ! पण मुलाच्या आईनं ग्लास रिकामा केला आणि म्हणाल्या, "आमच्याकडे असंच गोड चालते. पोरगी पसंत आहे."

पाहुणे गेल्यावर सर मोरीत ते चिकट ग्लास घासत बसले. मी चिडवलं, "काय हो सर, जन्मभर पोरांना शिकवलं, अन् आज स्वतःच चुकले!"

सरांनी वर पाहिलं नाही.

"चुकलो नाही मॅडम. मुद्दाम टाकली."

"मुद्दाम? कशाला?"

"वाटलं, नाही म्हणतील. पोरगी अजून वर्षभर घरी राहील. तिचा जीव आहे त्याच्यावर, मले माहीत होतं. तरी टाकली. बाप बी मतलबी असते जी."

माझे डोळे भरून आले. खाली बसले आणि एक ग्लास हातात घेतला. आतल्या खोलीत प्रज्ञा फोनवर त्या मुलाशी बोलत होती, खळखळून हसत होती.

"किती खुश होऊन राहिली पाहा," सर म्हणाले, आणि नळ बारीक केला, तिचं हसणं नीट ऐकू यावं म्हणून.