दातारकाकांचं फील्डवर्क

थांबा, हातातलं सगळं बाजूला ठेवा, हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर माझं पोट फुटेल!

माझ्या एका क्लासमेटने माझ्या मावसबहिणीचं लग्न थांबवलं. कानपिळीला भावाने नवरदेवाचा कान पिळला, आणि हे गृहस्थ वही घेऊन थेट मांडवात. "पुन्हा एकदा पिळा, मला नीट दिसलं नाही." भटजी खवळले, पण कान परत पिळला गेला. नवरदेव अजून माझ्याशी बोलत नाही.

हे दातारकाका. खडकीला नोकरी करून रिटायर झाले आणि थेट मानवशास्त्राच्या एम.ए.ला, माझ्या वर्गात, पहिल्या बाकावर. राहतातही हडपसरला आमच्याच मजल्यावर, शेजारी. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "वर्गात अरे म्हण, जिन्यात अहो." आणि उठता-बसता एकच मंत्र: "निरीक्षण कर, निकाल देऊ नकोस!"

आता खरी गंमत. तिसऱ्या मजल्यावर कीविली भाड्याने राहायला आली. नागालँडची, आयटीवाली. एका रविवारी तिने आंबवलेलं सोयाबीन शिजवलं आणि वरच्या कुलकर्णीकाकूंनी "गॅस लीक! गॅस लीक!" करत अख्खी बिल्डिंग पार्किंगमध्ये उतरवली. कीविलीसुद्धा उतरली बिचारी, जीव मुठीत धरून!

वास कुणाचा ते कळल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "मीटिंग घेऊ. फ्लॅट रिकामा करायला सांगू."

दातारकाकांनी त्याच संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात स्टूल टाकलं. फील्डवर्क! मग रोजच.

मीटिंगला कीविली कोपऱ्यात उभी, रडवेली. काकू म्हणाल्या, "अहो, ही सोसायटी आहे की प्रयोगशाळा?"

काका उठले. "कीविली, तू इथे राहायला आलीस त्या दिवशी वॉचमनला काय सांगितलंस?"

ती पुटपुटली, "गॅस लीक हो रहा है, बोला था."

"किधर?"

तिने हळूच काकूंकडे बोट दाखवलं. काकूंची हिंगाची फोडणी!

"हिंगाला कुणी वास म्हणतं का?" काकू कडाडल्या. "हिंग दरवळतो!"

"वा! आमच्या सरांना हे शिकवायला अख्खी टर्म लागते," काका खूश. "अहो, जग बघायला लोक विमानाने जातात. आपल्याकडे ते लिफ्टने आलंय, आणि आपण नाक धरून उभे!"

शेवटी ठराव झाला: कीविली राहील, पण सोयाबीन शिजवण्याआधी ग्रुपवर मेसेज टाकेल. काकूंनीही टाकायचा, फोडणीआधी.

वर येताना मी काकांना चिडवलं, "झालं की हो फील्डवर्क! आता रोज कशाला जाताय तिच्याकडे?"

ते कुलूप उघडत होते. किल्ली कुलपातच ठेवून माझ्याकडे वळले.

"आमची ही गेल्यापासून घरात कसलाच वास येत नाही गं. डबा येतो, पण तो गार. तिकडे तासभर बसलं की शर्टाला लागतो स्वयंपाक. मग घरी आल्यावर बरं वाटतं."

आमची भिंत एक आहे. आणि मला हे आत्ता कळतंय! तुमचं झालंय का हो असं कधी? शेजारच्या दारातून काहीच दरवळत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय?